मास्तर, मरळ बेकु!

चहाचा घोट आधी गिळून घ्या. तोंडात चहा असताना हे ऐकलंत आणि ठसका लागला, तर मी जबाबदार नाही. कारण माणूस स्वतःच्या तोंडानं स्वतःला किती खोल खड्ड्यात घालू शकतो, याचा जिवंत नमुना तुमच्यासमोर बसलाय.

मी शिवानंद. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. आमचं घर पक्कं शाकाहारी. गळ्यात लिंग, सोमवारी उपास, आणि अंड्याचं चित्र असलेली पिशवीसुद्धा आमची आई उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. अशा घरातल्या माणसाला कसला नाद लागावा? मासे धरायचा!

खायचा नाही हं! नुसता धरायचा. गळ टाकायचा, मासा लागला की फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. हा नाद लावला आमच्या शफीभाईंनी. शफीभाई म्हणजे आमच्या कारखान्यातले जॉबर, माग बिघडला की दुरुस्त करणारे. माग बंद असला की ते तलावाच्या गोष्टी सांगायचे, आणि माग चालू असला की जास्त मोठ्यानं सांगायचे.

सप्टेंबरात वरच्या अंगाला चार दिवस दणकून पाऊस झाला. सकाळी शफीभाई माझ्या कानाशी आले. म्हणाले, "शिवानंदभाई, तालाब चढ रहा है. पानी चढ्या की मरळ किनारे की घास में घुस को बैठती. यही टैम है, मियाँ!"

मरळ म्हणजे काय चीज असते सांगतो. काळपट, लांबुडकी, सापासारख्या तोंडाची, अंगात नुसती ताकद. गळ टाकणाऱ्यांमध्ये मरळ धरणाऱ्याला जो मान आहे, तो आमच्या मालकांनाही नाही. आणि मला तीन महिन्यांत एकही मरळ गावली नव्हती. एकही!

मग काय! सुट्टीच्या दिवशी पहाटेच उठलो. बायकोला, म्हणजे सुवर्णाला सांगितलं, "आज लोडिंग आहे गं, कारखान्यात जावं लागतंय." गाडीला किक मारली आणि निघालो अक्कलकोटच्या दिशेनं. तिकडच्या एका गावाचा तलाव शफीभाईंनी सांगितला होता. गावाचं नाव विचारू नका. मला अजून त्या रस्त्यानं जावं लागतं.

सामान काय होतं, ते नीट ऐका. दोन तुकड्यांत येणारी गळाची काठी, टॉवेलात गुंडाळलेली. शफीभाईंनी मागाच्या भंगार तारेचं कडं करून बनवलेली हातजाळी. माशाची लांबी मोजायला शिंप्याची टेप. बसायला रिकामी गोणी. आणि रबरी बेडूक. हिरवागार, पोटाखाली गळ असलेला.

तलावावर पोचलो आणि काय सांगू, जीव हरखला! पाणी काठ ओलांडून गवतात शिरलेलं. म्हशींची पाण्यावर उतरायची वाट अर्धी बुडालेली. ओढा जिथं तलावाला मिळतो तिथं पाणी गढूळ, आणि मधूनच गवत हलतंय. वारा नाही, पण गवत हलतंय! म्हणजे मरळ!

पाणी किती आहे बघायला मी काठीचा एक तुकडा बुडवला. चार पावलं पुढं, परत बुडवला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"एनु नडदद?"

म्हणजे काय चाललंय? वळून बघतो तर एक म्हातारे गृहस्थ. पांढरी शुभ्र पँट, पांढरा शर्ट, हातात काळी छत्री. नंतर कळलं, कानडी शाळेचे रिटायर हेडमास्तर. त्यांनी कानडीत विचारलं म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. आमच्या घरात आई आणि आजोबा कानडी बोलायचे की! मला वाटलं, आपण पण कानडीत बोलू, ओळख वाढेल, जागा कळेल.

आणि मी छाती फुगवून म्हणालो, "मास्तर, ननग मरळ बेकु. यल्लि सिगतद?"

मला मरळ पाहिजे, कुठं मिळेल?

आता एक अक्कल मला दोन तासांनी आली, ती तुम्हाला आधीच फुकटात देतो. आमच्या घरच्या कानडीत वाळूला 'उसुक' म्हणतात. मी जन्मभर उसुकच ऐकलं. पण पुस्तकातल्या शुद्ध कानडीत वाळूला म्हणतात 'मरळु'! आणि मास्तर शुद्ध शाकाहारी, शुद्ध पुस्तकी. मरळ नावाचा मासा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वर आणखी ऐका. त्या गावच्या ओढ्यातनं वाळूचोरांनी इतकी वाळू उपसली होती की तलावाचा बांध खचायला लागला होता. गावानं पहारा बसवला होता. आणि पहाऱ्याचे प्रमुख कोण? हेच मास्तर!

म्हणजे मी चोर पकडणाऱ्याकडं जाऊन, त्याच्याच भाषेत, नम्रपणे म्हणालो होतो, "मला वाळू पाहिजे, कुठं मिळेल?"

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं! मला वाटलं, माझं कानडी ऐकून भारावले.

"मरळा?" ते म्हणाले. मग मराठीत आले. "आत्ता? पाणी चढलेलं असताना?"

"तेच तर!" मी खूश. "पाणी चढलं की ती काठाला येते मास्तर. गवतात येऊन बसते. आत्ताच काढायला सोपी."

"अस्सं? एकटेच काढता?"

"नाही हो, आमचे शफीभाई असतात. ते लई वस्ताद. एकदा त्यांनी एवढी काढली होती, उचलायला दोघं लागले!"

मास्तरांची भुवई वर गेली. "रोज काढता?"

"रोज कुठलं? सुट्टीच्या दिवशी फक्त. नोकरी सांभाळून करावं लागतं."

"घरी माहीत आहे?"

मी इकडंतिकडं बघितलं, त्यांच्या जवळ गेलो आणि आवाज खाली आणला. "छे छे! मास्तर, तुमच्या पाया पडतो, कुठं बोलू नका. आमच्या घरात हे अजिबात चालत नाही."

"कसं चालेल!" मास्तर म्हणाले. "आणि काढून करता काय तिचं?"

"काही नाही. फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडून देतो."

मास्तरांनी छत्री काखेत मारली. अहो, वाळूचोर समोर उभा राहून सांगतोय की मी वाळू काढतो, तिचा फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो! त्यांना वाटलं, हा माझी टिंगल करतोय. पण माणूस शांत डोक्याचा. एवढंच म्हणाले, "इल्ले निल्री. बरतीनि."

इथंच उभे राहा, आलोच.

मला वाटलं, गेले चहा सांगायला. नाहीतर मरळीची जागा माहीत असलेला कुणीतरी घेऊन येतायत. किती भली माणसं असतात की खेड्यात! मी दगडावर बसून आपला बेडूक पुसत बसलो.

वीसेक मिनिटांनी बांधावरून माणसं दिसायला लागली. दहा, पंधरा, पंचवीस. पुढं मास्तर, त्यांच्या शेजारी गावचे पोलीस पाटील, मागं सगळं गाव. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात फावडं.

आणि मी काय करावं? मी उठून हात हलवला!

"हलायचं न्हाय हितनं!" पाटील ओरडले.

बसलोच मी खाली. पाटील आले, माझी पिशवी उलटी केली. हातजाळी वर धरली. "ही बगा चाळणी!" टेप काढली. "मापं घ्यायची टेप बी हाय!" गोणी झटकली. "भरायची तयारी बी हाय!" मग काठीचा तुकडा उचलला. मास्तर म्हणाले, "याच काठीनं तो खोली मोजत होता. मी स्वतः पाहिलं."

मला एकच वाटलं, तलावाचा ठेका कुणाचातरी असणार आणि मी परवानगीशिवाय मासे धरायला आलो म्हणून हे चिडलेत. मग आपण काय करावं? चूक कबूल करावी! मोठा शहाणा ना मी!

"परवानगी हाय का तुज्याकडं?" पाटलांनी विचारलं.

"नाही पाटील. चुकलं माझं. मला वाटलं, कोण बघतंय? थोडी काढावी आणि जावं."

"कबूल करतोय बगा, कबूल करतोय!" गर्दीतनं आवाज.

"ह्याच्या आदी कुटं कुटं काडलीस?"

मी प्रामाणिकपणे तीन तलावांची नावं सांगितली. लोकांनी "आरारारा!" केलं. आता त्या तिन्ही ठिकाणी मला एकही मरळ गावली नव्हती, पण कमीपणा कशाला दाखवा म्हणून मी वर म्हणालो, "बऱ्यापैकी निघाली तिथं."

सांगा, असा आरोपी पोलिसांना स्वप्नात तरी मिळतो का?

पाटलांनी फोन काढला. "तहसीलला कळवतो. गाडी बी जप्त व्हईल."

"गाडी?" माझा आवाज चिरकला. "अहो, एका मरळीसाठी तहसीलदार?"

तेवढ्यात, बरोब्बर त्याच वेळी, माझा फोन वाजला. शफीभाई! पाटलांनी माझ्या हातातनं फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हां शिवानंदभाई!" शफीभाईंचा आवाज सगळ्या तलावावर पसरला. कारखान्यातला माणूस, हळू बोलणं माहीतच नाही. "मरळ निकली क्या? उधर पब्लिक तो नै ना? गाववाले देखे तो भगाते, बोल्या था ना मैं! जल्दी निकाल को निकल जाव!"

पाटलांनी फोन बंद केला. मास्तर फक्त गर्दीकडं बघून म्हणाले, "ऐकलंत? मरळु!"

"घरचा नंबर दे," पाटील म्हणाले. "तू कोण, कुटला, खरं काय ते घरच्यांनाच इचारतो."

तहसीलदार परवडला. पण सुवर्णा? आणि आई? नंबर दिला. परत स्पीकर.

"हॅलो?"

"ताई, शिवानंद तुमचे कोण?"

"मिस्टर. पण ते घरी नाहीत, कारखान्यात लोडिंगला गेलेत. आपण कोण?"

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. अख्ख्या गावानं माझ्याकडं बघितलं. काय सांगू, बांधावरचं एक शेरडूसुद्धा चरायचं थांबून माझ्याकडं बघत होतं.

"ताई, मी पोलीस पाटील बोलतोय. तुमचे मिस्टर कारखान्यात न्हाईत. हितं आमच्या तलावावर वाळू चोरताना घावलेत."

"वाळू?" सुवर्णा किंचाळली.

"वाळू?" मी तिच्यापेक्षा मोठ्यानं किंचाळलो.

तिकडं सुवर्णा रडायलाच लागली. "अहो, ते तसे नाहीत हो! कुणीतरी अडकवलं असेल त्यांना! आई, अहो आई, इकडं या लवकर!"

आता आईसुद्धा येणार! आणि सुवर्णा रडतेय, हे ऐकवेना. मी फोनजवळ तोंड नेऊन जीव तोडून ओरडलो, "अगं रडू नकोस! वाळू नाही! मासे! मी मासे धरायला आलोय, मासे!"

फोनमधलं रडणं खट्‌कन थांबलं.

मग सुवर्णा, एकदम कोरड्या आवाजात, "काय धरायला?"

"मासे."

"म्हणून त्या सोमवारी पूजेला बसलात तेव्हा हाताला वास येत होता. मला म्हणालात, मशिनचं ऑइल आहे."

मी हात पँटला पुसले.

"वाळू म्हणाला असतात तर आईंना सांगता तरी आलं असतं हो!"

लोक हसायला लागले. आणि त्या हसण्यातनं एक म्हातारी पुढं आली. गंगाक्का. तिचीच ती शेरडं-मेंढरं बांधावर चरत होती. काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, हातात काठी. तिनं मास्तरांना विचारलं, "मास्तर, ह्यो तुमाला काय पायजे म्हनला हुता?"

"मरळु. म्हणजे वाळू."

"अवो मरळ म्हंजी मासा की! पानी चडल्यावर गवतात येत्यात त्या. तुमी खात न्हाई म्हनून तुमाला ठावं न्हाई. ह्यो मासाच मागत हुता जनू."

मास्तरांना ते पटेना. आयुष्यभर कानडी शिकवलेला माणूस, एका शब्दासाठी असा हरेल? "मासा असता तर तो काढून परत पाण्यात का सोडेल? कोणता शहाणा माणूस मासा धरून सोडतो?"

लोक पण म्हणाले, खरं आहे मास्तरांचं.

पाटलांनी तोडगा काढला. "असं करू. मासं धरतोस न्हवं? मग धरून दाखव. मरळ गावली तर तू मासंवाला. न्हाई गावली तर तहसील."

आणि फोनमधून सुवर्णा म्हणाली, "थांबा पाटील, मी व्हिडिओ कॉल करते. मला पण बघायचंय."

मंडळी, विचार करा! एका बाजूला चढतं पाणी, एका बाजूला अख्खं गाव, पाटलांच्या हातातल्या फोनमध्ये बायको, बायकोच्या खांद्यावरून डोकावणारी आई, आणि मधे मी, रबरी बेडूक घेऊन. तीन महिन्यांत जे जमलं नाही ते आता दहा मिनिटांत जमवायचं!

काठी जोडली. पहिल्यांदा बेडूक फेकला, तो सरळ वेड्या बाभळीत. काटे टोचून घेत सोडवला. दुसऱ्यांदा मागं नेऊन जोरात फेकायला गेलो, तर काठी हलेचना. मास्तरांच्या छत्रीत गळ!

"ह्याच्यानं मासा काय, सोताचा आंगठा बी धरवायचा न्हाई," कुणीतरी म्हणालं.

गंगाक्काला माझी दया आली. ती काठीनं दाखवत म्हणाली, "तितं न्हवं रं, हितं. म्हशीची वाट बुडालीय ती बग. तितल्या गवतात सकाळधरनं बुडबुडं येत्यात. तितं टाक, आन हळू वड."

टाकला. बेडूक गवतावर पडला. हळू ओढला. एक टप्पा, दोन टप्पे.

धडाम!

पाणी असं उडालं की मास्तर दोन पावलं मागं! काठी कमान झाली! "लागली! लागली!" सगळं गाव ओरडलं. मी रीळ फिरवतोय, पाय चिखलात रुततायत, फोनमधून सुवर्णा ओरडतेय, "सोडू नका! ओढा, ओढा!" आत्ता पाच मिनिटांपूर्वी माझ्यावर चिडलेली बाई! आणि गवत फाडत ती आली बघा, हातभर लांब, काळीभोर मरळ, माझ्या पायाशी!

आता खरं सांगायची वेळ आली. तोपर्यंत मला चिलापी नावाच्या ज्या बोटभर मासोळ्या लागल्या होत्या, त्या गळातनं शफीभाईच काढायचे. मी नुसती ओली जाळी धरायचो, माशाला कधी हात लावलेला नव्हता. आणि ही मरळ! तिनं आपलं सापासारखं तोंड वर केलं, आ वासला आणि माझ्याकडं बघितलं.

मी पळालो.

काठी हातातच! मी बांधाकडं पळतोय, मागं वळून बघतोय, तर मरळ माझ्या मागं! मी डावीकडं, मरळ डावीकडं. मी उजवीकडं, मरळ उजवीकडं. ओल्या गवतावरनं सळसळत, उड्या मारत मागं लागलीय! "आईगं! आली! आली!" असं ओरडत मी बांध चढलो, तर तीसुद्धा बांध चढली!

"आरं काटी टाक! काटी टाक!" लोक ओरडत होते.

मला काय कळतंय? दोरी माझ्याच हातात आहे आणि मीच तिला ओढत नेतोय, हे त्या वेळी डोक्यात शिरत असतं तर काय पाहिजे होतं? मी काठी आणखी घट्ट धरली. पाय घसरला, बांधावर उताणा पडलो आणि डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तर गंगाक्का. तिनं पदर हाताला गुंडाळला, मरळीची मान धरली आणि दोन बोटांनी गळ काढला, पाटीतली भाजी निवडावी तसा. एका हातात मरळ तडफडत होती. दुसऱ्या हातानं तिनं मला उठवून बसवलं.

सगळं गाव पोट धरून हसत होतं. फोनमधून सुवर्णा आणि आई दोघींचं हसणं येत होतं. आई! जी अंड्याचं चित्र बघत नाही ती, "परत दाखवा हो पाटील, परत दाखवा," म्हणत होती!

फक्त मास्तर हसत नव्हते. त्यांनी छत्रीला पडलेलं भोक बघितलं, मरळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. पाटलांनी विचारलं, "मास्तर, काय करायचं आता ह्याचं?"

मास्तरांच्या आधी गंगाक्काच बोलली. "ज्येला दीड किलूचा मासा उचलंना, त्यो टॅक्टरभर वाळू काय उचलतोय? मास्तर, ह्यो मासा बी सोडा आन ह्यो मानूस बी सोडा. दोगं बी लई भ्यालेत."

मास्तरांनी मान डोलावली. गंगाक्कानं मरळ पाण्यात सोडली आणि मला बांधावर टेकवून बसवलं.

दोघांपैकी मासा आधी सावरला.